यात्रेचा विमा : निघण्याआधी काय पाहावे?

ज्येष्ठ सरत आला की आपल्या भागात यात्रेचे वारे वाहू लागतात. तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करीत पंढरपूरकडे जाते. कोणी पालखीबरोबर पायी निघतो. कोणी एस.टी.ने तुळजापूरला जातो. कोणी दौंडला रेल्वे धरून काशी गाठतो.

निघताना आपण भाकरी बांधून घेतो, पांघरूण घेतो, औषधाची पुडी घेतो. विम्याची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नाही. विचारले तर उत्तर मिळते, "तिकिटात असतोच की इमा!" हे उत्तर अर्धे खरे आहे. अर्ध्या खऱ्यावर विसंबले की संकटात हात रिकामे राहतात.

विमा म्हणजे काय?

पुष्कळ लोक थोडे थोडे पैसे भरतात. त्याला हप्ता म्हणतात. ज्याच्यावर संकट येते, त्याला त्या पैशांतून मोठी रक्कम मिळते. पण विमा हा करार आहे. कागदावर जे संकट लिहिले आहे, त्याचेच पैसे मिळतात. म्हणून प्रत्येक विम्याला चार प्रश्न विचारावेत. विमा कशाचा आहे? कोणाचा आहे? कधीपासून कधीपर्यंत आहे? आणि पुरावा कोणता लागेल?

रेल्वेचा विमा

समजा, घरची चार माणसे काशीला निघाली आहेत. मोबाईलवरून किंवा संगणकावरून रेल्वेचे तिकीट काढताना "विमा हवा का?" असे विचारले जाते. ही सोय १ सप्टेंबर २०१६ पासून सुरू झाली. हप्ता माणशी एक रुपयाहूनही कमी असतो. होय म्हटले तरच विमा मिळतो. दुकानदाराकडून तिकीट काढून घेत असाल, तर त्याला तसे स्पष्ट सांगा.

गाडीच्या अपघातात मृत्यू आला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर १० लाख रुपये मिळतात. कायमच्या अंशतः अपंगत्वाला साडेसात लाख मिळतात. दवाखान्याचा खर्च २ लाखांपर्यंत मिळतो. विमा उतरला की मोबाईलवर संदेश येतो. त्यावरून वारसाचे नाव लगेच भरावे. ते राहिले, तर मागे राहिलेल्यांना हेलपाटे पडतात.

आता काय मिळत नाही तेही पाहा. गाडीत ताप आला, तर या विम्यातून काही मिळत नाही. काशीच्या घाटावर पाय घसरला, तरी नाही. कारण हा विमा रेल्वेच्या प्रवासापुरताच आहे. स्टेशनच्या खिडकीवर काढलेल्या तिकिटाला तो लागू नाही.

पण खिडकीचे तिकीट असले, तरी रेल्वेच्या कायद्याने गाडीच्या अपघाताची भरपाई मागता येते. २०१७ सालापासून मृत्यूसाठी ही रक्कम ८ लाख रुपये आहे. म्हणून तिकीट जपून ठेवा.

एस.टी. आणि टेम्पो

एस.टी.ने २०१६ साली तिकिटामागे एक रुपया घेऊन अपघात सहाय्यता निधी सुरू केला. तेव्हा एस.टी.चे तिकीटही फेकू नये. घरी पोचेपर्यंत ते खिशात असू द्यावे.

टेम्पोची गोष्ट निराळी आहे. पैसे वाचवायला आपण वीस-पंचवीस जण मालाच्या टेम्पोत बसतो. "गाडीचा इमा हाय," असे मालक सांगतो. त्याचे म्हणणे खोटे नसेलही. पण तो विमा मालगाडीचा असतो. मालाच्या गाडीत नुसत्या प्रवासी म्हणून बसलेल्या माणसांची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला आहे. मग उरतो गाडीचा मालक. त्याच्यापाशी तेवढा पैसा नसला, तर काय? चार पैसे वाचतात आणि घरचा कर्ता माणूस गेला तर संसार उघडा पडतो. म्हणून माणसे नेणारीच गाडी ठरवावी आणि तिचे कागद पाहून मगच बसावे.

पायी वारी

पायी चालणाऱ्याजवळ तिकीट नसते. राज्य सरकारने २०२३ साली वारकऱ्यांसाठी विमाछत्र योजना जाहीर केली होती. तिच्यात मृत्यूसाठी ५ लाख आणि आजारपणाच्या खर्चाला ३५ हजारांपर्यंत मदत ठरली होती. अशी योजना यंदा आहे का, हे दरवर्षी दिंडीप्रमुखाला किंवा ग्रामपंचायतीत विचारावे. गेल्या साली होती म्हणजे यंदाही आहे, असे धरून चालू नये.

सर्वांना परवडेल असा एक विमा बँकेत मिळतो. त्याचे नाव प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वय १८ ते ७० असावे. वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जातात. कोठेही अपघाती मृत्यू आला, तर वारसाला २ लाख मिळतात. आजाराने मृत्यू आला, तर मात्र मिळत नाहीत. या विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असते. पालखी बहुधा त्यानंतरच आपल्या गावात येते. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस खात्यात पैसे आहेत का, ते पाहावे. पैसे नसले तर विमा बंद पडतो आणि वारीला निघालेल्याला ते ठाऊकही नसते.

अपघात झालाच तर

पोलिसांत नोंद करा. पंचनाम्याची नक्कल मागा. दवाखान्याचे कागद, औषधांच्या पावत्या आणि तिकीट एका पिशवीत ठेवा. विमा कंपनीला लवकर कळवा.

विम्याचा कागद घरातल्या पेटीत नुसता ठेवू नये. कोणता कागद कोठे आहे, हे घरात निदान दोघांना ठाऊक असावे. मंडळी, आता आपल्याला वाचता येते. तो कागद एकदा बोट ठेवून वाचा. अडले तर बँकेतल्या माणसाला किंवा शाळेतल्या गुरुजींना विचारा. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. विचारायचे ते निघण्याआधी विचारा.