डोळ्याच्या पांढऱ्यावरचा काळा डाग

भिवंडी तालुक्यात, वज्रेश्वरीजवळ, तानसा नदीच्या काठी वसलेली अकलोली गरम पाण्याच्या कुंडांसाठी ओळखली जाते. खरूज, नायटा, सांधेदुखी असलेली माणसे इथे श्रद्धेने आंघोळीला येतात. पण त्वचेला रंग देणाऱ्या पेशी फक्त त्वचेत नसतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जो पातळ, पारदर्शक पापुद्रा असतो, त्या कंजंक्टिव्हातही त्या असतात. तिथे उमटलेला काळा डाग कुंडाच्या पाण्याने जात नाही. तो नेमका कशाचा, हे आधी ठरवावे लागते.

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतो तो निरुपद्रवी रंग. सावळ्या माणसाच्या दोन्ही डोळ्यांत, बुबुळाच्या कडेने, सपाट तपकिरी झाक असते. तो वर्णाचाच भाग आहे, औषधाची गरज नाही. जन्मापासून असलेला राखी-निळसर डाग वेगळा. तो पापुद्र्याखालच्या पांढऱ्या कवचात असतो आणि पुष्कळदा त्याच बाजूच्या गालावर, कपाळावरही निळसर छटा असते. जपानी त्वचारोगतज्ज्ञ मासाओ ओटा यांनी 1939 मध्ये चेहऱ्यावरच्या या डागाचे वर्णन केले. अशा डोळ्यात काचबिंदूची आणि क्वचित डोळ्याच्या आतल्या कर्करोगाची शक्यता असते, म्हणून दरवर्षी तपासणी हवी.

तिसरा तीळ. तो बहुधा लहानपणी किंवा वयात येताना दिसू लागतो आणि पौगंडावस्थेत अधिक गडद होऊ शकतो. चौथा प्रकार फसवा आहे. मध्यम वयात, एकाच डोळ्यात, भुकटी भुरभुरल्यासारखा सपाट तपकिरी रंग पसरत जातो. त्यातल्या पेशी बिघडल्या आहेत की नाही, हे तुकडा तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

तपासणीचा पाया म्हणजे स्लिट लॅम्प. रुग्ण हनुवटी टेकवतो, प्रकाशाची अरुंद पट्टी डागावर पडते आणि डॉक्टर भिंगातून पाहतात. तिळात पुष्कळदा पाण्याचे बारीक, स्वच्छ फुगे दिसतात. ते तीळ असल्याची चांगली खूण मानतात. मग भूल देणारा थेंब टाकून कापसाच्या काडीने पापुद्रा हलकेच सरकवतात. डाग बरोबर सरकला तर रंग वरच्या थरातला. जागचा हलला नाही तर तो खालच्या कवचातला, किंवा गाठीने खाली मूळ धरलेले. जाड, रक्तवाहिन्या ओढून घेणारी, बुबुळावर चढणारी वाढ संशयास्पद. वरची पापणी उलटून पाहणेही तितकेच महत्त्वाचे. पापणीच्या आत तीळ क्वचितच असतो, त्यामुळे तिथला काळा डाग संशयाने पाहावा लागतो.

फिलाडेल्फियाच्या विल्स आय हॉस्पिटलमध्ये कॅरोल शील्ड्स आणि सहकाऱ्यांनी असे तीळ असलेल्या 410 जणांचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतल्या फक्त तिघांत तिळाचे मेलॅनोमात, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगात रूपांतर झाले. त्याच गटाने 2011 मध्ये पापुद्र्यावरच्या मेलॅनोमाचे 382 रुग्ण मांडले, तेव्हा 74 टक्के गाठी त्या भुकटीसारख्या पसरलेल्या रंगातून उगवलेल्या होत्या. तिळातून आलेल्या 7 टक्केच. भीती तिळाची वाटते, धोका मात्र त्या सपाट डागात जास्त.

हे रुग्ण बहुतांश गौरवर्णीय होते. त्यामुळे हे आकडे भिवंडी तालुक्यात जसेच्या तसे लावता येत नाहीत. आपल्या वर्णात पापुद्र्यावरचा मेलॅनोमा फार दुर्मीळ आहे. पण पापुद्र्याच्या वरच्या थराचा दुसरा एक कर्करोग, स्क्वॅमस, सावळ्या माणसात रंग घेऊन काळपट दिसतो आणि मेलॅनोमाचा भास देतो. ऊन, एचआयव्ही आणि एचपीव्ही यांचा त्याच्याशी संबंध आहे. भातशेतीत आणि वीटभट्टीवर दिवसभर उन्हात राबणाऱ्यांच्या डोळ्यातली वाढ म्हणूनच ‘मांस वाढलंय’ म्हणून सोडून देऊ नये. रुग्ण तरुण असेल तर एचआयव्हीची तपासणीही करावी.

संशय आला की गाठीचा थोडासा कोपरा कापून पाहणे धोक्याचे, कारण पेशी पसरू शकतात. लहान गाठ भोवतालच्या सुमारे 4 मिलिमीटर निरोगी पापुद्र्यासह अखंड काढतात. काढताना अवजार गाठीला लागू देत नाहीत आणि कडा अतिशीत उपचाराने गोठवतात. काढलेला भाग पॅथॉलॉजीत जातोच. साधी वाटलेली वाढसुद्धा न तपासता टाकून दिली तर तिच्यातला कर्करोग कळायला दुसरा मार्ग उरत नाही.

गावोगावी होणारी शिबिरे मोतीबिंदू शोधतात, आणि ते आवश्यकच आहे. पण त्याच रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा पांढऱ्यावरचा डाग नोंदवून त्याचा फोटो ठेवायला फार वेळ लागत नाही. पुढच्या खेपेला तुलना करता येते. डाग वाढला हे आठवणीवर नव्हे, पुराव्यावर ठरते. पुढची वाट भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयातून ठाणे, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयापर्यंत आणि कर्करोग निघाला तर 1941 मध्ये सुरू झालेल्या परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत जाते. मोठ्या माणसाच्या एकाच डोळ्यात नवा डाग आला, जुना वाढला, जाड झाला किंवा त्यातून रक्त आले, तर कुंडावर किंवा औषधांच्या दुकानात न थांबता डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. लवकर सापडलेली गाठ बहुधा दृष्टी राखून काढता येते. उशीर झाला तर कधी संपूर्ण डोळाच काढावा लागतो, आणि हा फरक पुष्कळदा पहिल्या तपासणीतच ठरतो.