सडलेला पत्रा आणि नवे ठिगळ

आपल्या बेळगाव-निपाणी भागातील खेड्यापाड्यांत जुनी मोटार बाळगणारी कुटुंबे थोडीथोडकी नाहीत. कोणाच्या दारात मारुती आठशे उभी असते, कोणाच्या दारात ओम्नी, तर एखाद्या घरी वडिलांच्या काळची ॲम्बेसेडर किंवा पद्मिनी अजून जपून ठेविलेली असते. बाळंतिणीस इस्पितळात पोचवावयाचे, रविवारी आजीबाईंना मिस्साला न्यावयाचे, बाजारातून खताची पोती आणावयाची, ही सारी कामे ती गाडी निमूटपणे करीत असते. इंजिन बिघडले तर ते आवाज करून धन्याला जागे करते. पत्रा मात्र आतून सडत असता कसलीच कुरकुर करीत नाही. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली की गंज धरतो, आणि त्यात क्षार मिसळले की त्याचा वेग वाढतो. आपल्या भागात या साऱ्यांची रेलचेल आहे. खानापूर, कणकुंबी, आंबोली या घाटमाथ्यावरचा पाऊस आपण जाणतोच. शिवाय चोर्ला व आंबोली घाट चढून गोवा-कोकणातील जुन्या गाड्या आपल्याकडे विक्रीस येतात. त्यांनी वर्षानुवर्षे समुद्राची खारी हवा खाल्लेली असते. त्यातच आपण पावसात भिजलेली पोती गाडीत टाकतो. रासायनिक खताचे सांडलेले दाणे ओलसर चटईखाली विरघळतात, आणि ते पाणी तळाचा पत्रा खात बसते. लोखंडापेक्षा गंजास जागा अधिक लागते. म्हणून रंगाखाली प्रथम बारीक फोड दिसतात. फोड दिसला की समजावे, रोग आतून बाहेर आला आहे.

हा रोग ठराविक जागी बसतो : मडगार्डच्या आतल्या कडा, दारांचा खालचा भाग, पायाखालचा तळ, आणि दाराखाली चाकापासून चाकापर्यंत गेलेली पत्र्याची पोकळ पेटी. दाराच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी बारीक भोके ठेविलेली असतात. ती चिखलाने बुजली की दार म्हणजे पाण्याची टाकीच होते. पावसाळ्यापूर्वी ती भोके तारेने मोकळी करणे, या कामास पैसाही पडत नाही.

आता कित्येक ठिकाणी काय घडते ते पाहा. सडलेल्या भोकावर जाळी किंवा पत्र्याचा तुकडा चिकटवितात, त्यावर बोटभर लांबी भरतात, पॉलिश पेपराने घासतात आणि वरून चकचकीत रंग मारतात. गाडी नवरीसारखी सजते. परंतु आतला गंज जिवंतच असतो. एकदोन पावसाळ्यांत लांबी फुगते, तडकते आणि ढलप्यासारखी गळून पडते. तोवर भोक दुप्पट झालेले असते.

नुकसान केवळ रूपाचे असते तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. जुन्या जीपला खाली स्वतंत्र चौकट असते व तिच्यावर वरचा सांगाडा बसविलेला असतो. ॲम्बेसेडर, पद्मिनी, मारुती आठशे, ओम्नी यांची रचना तशी नाही. त्यांचा पत्राच त्यांचा कणा आहे. दाराखालची पेटी आणि तळ सडला म्हणजे गाडीचे बळ गेले. तवंदी घाटात किंवा पुणे-बंगळूर महामार्गावर एखादा धक्का बसला, तर आत बसलेल्या लेकरांना जो आधार मिळावयाचा तो लांबीकडून मिळणार नाही.

मग योग्य रीत कोणती? पहिला नियम असा, की पत्रा निरोगी लागेपर्यंत सडलेला भाग कापून काढावा. चांगला कारागीर घासून घासून चकाकणारे लोखंड दिसेपर्यंत थांबत नाही. नंतर तो पुठ्ठ्याचा नमुना कापतो, त्यावरून साधारण वीस गेजचा, म्हणजे सुमारे नऊ दशांश मिलिमीटर जाडीचा, पत्रा घेऊन ठोकून आकार देतो, आणि थोड्या थोड्या अंतरावर टाके घालावे तसे वेल्डिंग करतो. एका दमात लांब सांधा ओढला तर उष्णतेने पातळ पत्रा वाकडा होतो. दाराखालची पेटी कापावयाची असेल, तर गाडी सपाट जागी पक्क्या आधारावर ठेवून दाराच्या चौकटीत आडवी सळई जोडून घ्यावी लागते. नाहीतर गाडी मध्येच झुकते व पुढे दारे लागत नाहीत. शेवटी सांध्यांवर गंजरोधक प्रायमर व सील आणि पोकळीत मेण किंवा तेलकट लेप हवा. लांबी भरावयाचीच तर ती सर्वांत शेवटी, निरोगी लोखंडावर आणि नखाएवढ्या थराची.

ओम्नीचे उत्पादन 2019 साली थांबले, मारुती आठशे व ॲम्बेसेडर यांचे 2014 साली, आणि पद्मिनी तर त्याआधीच गेली. मुंबईच्या रस्त्यांवरून तिच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीनेही 2023 च्या ऑक्टोबरात निरोप घेतला. त्यामुळे तयार मडगार्ड, दारे मिळणे उत्तरोत्तर कठीण होत आहे, आणि हाताने पत्रा घडविणाऱ्या कारागिराचे मोल वाढत आहे.

काही सावधगिरीच्या गोष्टी गाडीधन्याने स्वतः पाहाव्यात. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवावी. पेट्रोलची टाकी व गॅसची टाकी जवळ असल्यास काढून दूर ठेवावी. आसने व चटया काढाव्यात. पाणी, वाळू हाताशी असावी. छपरासाठी आणलेला जस्ताचा पत्रा वापरू नये, कारण जस्त जळाले की त्याचा धूर कारागिराला आजारी पाडतो. चासी क्रमांक कोरलेल्या भागास हात लावू नये. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते व तपासणीनंतर पाच वर्षांसाठी नवी करून मिळते. त्या वेळी तो क्रमांक स्पष्ट दिसला पाहिजे. रंग बदलला तर त्याचीही नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी.

प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात पृथ्वीवरील धनाचे वैरी सांगताना कसर, गंज आणि चोर यांना एका पंक्तीस बसविले. मला वाटते, रंगाखाली गंज झाकून गाडी विकणारा मनुष्य या तिघांपैकी दोघांशी भागीदारी करतो. सोसायटीचे कर्ज काढून जो गरीब ती गाडी घेतो, त्याचे पैसे तर जातातच, पण त्याच्या मुलांचा जीवही टांगणीस लागतो. येथे सातवी आज्ञा मोडते, आठवी मोडते, आणि अपघात घडला तर पाचवीही फार दूर राहत नाही. विक्रेत्याने दोष सांगून किंमत घ्यावी. घेणाऱ्यानेही भोळे राहू नये. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे खाली लांबी आहे. चटई उचलावी, गाडीखाली वाकून पाहावे, आणि विश्वासाचा कारागीर बरोबर न्यावा.

प्रभूने दुसरा एक दृष्टान्त दिला आहे तो ठिगळाचा. जुन्या वस्त्रास कोऱ्या कापडाचे ठिगळ लावले तर ते जुन्यास ओढून अधिकच फाडते. पत्र्याचेही तसेच आहे. सडक्या कडेवर नवा पत्रा जोडला, तर सांधा धरत नाही. वेल्डिंगची ज्योत लागताच ती कडच जळून जाते. नव्याला धरावयास निरोगी जुने हवे. पापनिवेदनाच्या संस्कारास येणाऱ्या मनुष्याने हे ध्यानी ठेवावे. चांगला निश्चय हा नवा पत्रा होय. परंतु आतली फसवणूक, दडविलेले वैर, न फेडलेले देणे हे कापून न काढता वरून निश्चय चिकटविला, तर तो एक पावसाळाही टिकत नाही.

धातुकाम करणाऱ्यांचा आश्रयदाता संत एलिजियस हा सातव्या शतकात फ्रान्समध्ये सोनार होता व पुढे बिशप झाला. परंपरा सांगते, की राजाने त्याला एका सिंहासनापुरते सोने दिले, आणि त्याने त्यातच दोन सिंहासने घडवून दिली; उरलेले सोने खिशात घातले नाही. त्याचा सण 1 डिसेंबरला येतो. बेळगावच्या उद्यमबागेत, निपाणीच्या रस्त्याकडेला, कोल्हापुरात, ठिणग्यांत डोळे जाळून प्रामाणिकपणे पत्रा जोडणारे हात आजही आहेत. त्यांचे काम रंगाखाली झाकले जाते. ते पाहणारा बहुधा परमेश्वर एकटाच. अशा कारागिराशी मजुरीत घासाघीस करून त्याला लांबीच्या वाटेस लावू नका. त्याला पुरता वेळ द्या, पुरता मोबदला द्या, आणि रंग चढण्यापूर्वी एकदा जाऊन तो सांधा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून या.