चाकावरची चार बोटं

अमेरिकेतल्या प्रवासी ट्रेलरचं, म्हणजे मोटारीमागे जोडून नेण्याच्या चालत्या घराचं, चाक बाहेरून पुरतं दिसत नाही. त्याचा वरचा भाग ट्रेलरच्या पोटातल्या पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या खणात गेलेला असतो. आतल्या बाजूने त्याच खणावर बिछाना असतो, कपाट असतं, कधी स्वयंपाकाचा ओटा. शेजारून विजेच्या तारा आणि नळ्या गेलेल्या असतात. टायरचा माथा आणि खणाचं छत यांच्यामध्ये अनेकदा चार बोटं जागा उरते. खड्ड्यातून जाताना चाक वर उसळतं, त्याला तेवढीच मोकळीक. ती संपली की टायर छताला घासू लागतो, तापतो. तो फुटलाच, तर सुटलेली नक्षीदार पट्टी वेगाने फिरत खण फोडते आणि वरच्या तारा-नळ्या ओरबाडून काढते.

घासण्याच्या खुणा आधीपासून दिसत असतात. खणाच्या छतावर चकाकणारा काळा पट्टा, कडेला साचलेला रबराचा भुगा, पुलाच्या सांध्यावर एकदाच येणारा धप्प आवाज. अशा वेळी मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो ट्रेलर उंच करून घेण्याचा. जागा का गेली हे न शोधता केलेला हा उपाय मूळ दोषावर पांघरूण घालतो. वजन वाढलं असेल, पाटे बसले असतील, अ‍ॅक्सलमधलं रबर मेलं असेल किंवा ट्रेलर नुसताच वाकडा जोडलेला असेल. या चारही दुखण्यांची औषधं वेगळी आहेत.

म्हणून सुरुवात वजनकाट्यापासून. अमेरिकेतल्या हमरस्त्यांवर ट्रकथांब्यांपाशी काटे असतात आणि प्रत्येक अ‍ॅक्सल किती भार पेलू शकतो ते ट्रेलरवरच्या पट्टीवर छापलेलं असतं. ट्रेलर प्रवासाला निघतो तसाच भरून काट्यावर न्यायचा. ४० गॅलनची टाकी भरली की १५० किलो पाणीच झालं. मग ओतीव लोखंडाची भांडी, जनरेटर, सायकली. एका बाजूच्या खणाला घासतं आणि दुसऱ्या बाजूला नाही, असं असेल तर सामान कुठे लावलंय तेही बघावं लागतं.

दुसरी चोरवाट टायरच्या आकारात असते. एसटी २०५/७५ आर १५ हा टायर साधारण ६८८ मिलिमीटर उंच. एसटी २२५/७५ आर १५ साधारण ७१८. मोठा टायर जास्त भार उचलतो म्हणून लोक तो घालतात आणि डोक्यावरची दीड सेंटिमीटर जागा गमावतात. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरवर आणखी एक अडचण येते. त्यांच्यातलं अंतर पुष्कळदा ३३ इंचच असतं, त्यामुळे २८ इंची टायर बसवले की पुढच्या-मागच्या टायरमध्ये पाच इंचांहून कमी फट राहते. भाराची क्षमताच वाढवायची असेल, तर त्याच मापाचा वरच्या श्रेणीचा टायर मिळतो. मात्र त्याला हवेचा दाब जास्त लागतो आणि तो दाब रिमला सोसला पाहिजे.

इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट हे या धंद्याचं माहेरघर. त्या परिसरात ट्रेलर बनतात आणि त्यांच्या खालचा सांगाडा पुरवणाऱ्या डेक्स्टर, लिपर्ट, मॉरराइड या कंपन्याही तिथल्याच. बहुसंख्य ट्रेलरखाली आपल्या मालट्रकला असतात तसेच, पण हलके, पाटे असतात. पुढच्या आणि मागच्या पाट्यांच्या मध्ये इक्वलायझर नावाचा झुलता तुकडा असतो. एक चाक वर गेलं की तो भार दुसऱ्याकडे ढकलतो. स्वस्त ट्रेलरांत त्याचे बुश नायलॉनचे असतात आणि ते लवकर झिजतात. मग बोल्ट पाट्याला इक्वलायझरशी जोडणाऱ्या शॅकलची, म्हणजे पट्टीची, भोकं खाऊ लागतो, अ‍ॅक्सल तिरका होतो आणि टायर खणाच्या कडेला लागतो. जाड शॅकल, ब्राँझचे बुश आणि आतून ग्रीस भरता येणारे बोल्ट बसवले की निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. पाट्यांचा बाक गेला असेल तर ते जोडीने बदलायचे.

अ‍ॅक्सल पाट्यांच्या वर बसवलेला असेल, तर तो खाली घेऊन ट्रेलर चार-पाच इंच उचलता येतो. हे काम सोपं वाटतं, म्हणून धोक्याचं. अ‍ॅक्सलच्या नळीला मधोमध किंचित वरच्या दिशेने बाक दिलेला असतो. भाराखाली चाकं उभी राहावीत यासाठी तो असतो. घाईत कुणी नळीच उलटी फिरवली, तर बाक खाली जातो आणि टायर एका कडेने झिजत राहतात. नळी आहे तशीच ठेवून पाट्याची बैठक दुसऱ्या बाजूला नव्याने वेल्ड करायची असते, आणि तीही जाणत्या हाताने.

यापेक्षा न्यारी गोष्ट एअरस्ट्रीम या ट्रेलर कंपनीची. तिचा संस्थापक वॉली बायम याने १९५९ मध्ये ४१ चंदेरी ट्रेलरांचा ताफा केपटाऊनहून कैरोकडे नेला. त्यानंतर, १९६१ च्या सुमारास, या कंपनीने पाटे सोडून रबराचा टॉर्शन अ‍ॅक्सल स्वीकारला. चौकोनी नळीत दुसरा चौकोनी दांडा ४५ अंशांत फिरवून बसवायचा आणि चार कोपऱ्यांत रबराच्या दोऱ्या ठासायच्या. त्या आत जाव्यात म्हणून रबर आधी अतिथंड करून आखडवतात. चाक दांड्याच्या टोकाच्या हातावर असतं. ते वर गेलं की दांडा पिळतो आणि रबर त्याला परत ढकलतं. ग्रीस नाही, बुश नाही, आवाज नाही. या रचनेतली हुशारी आजही थक्क करते.

पण रबराला वय असतं. पंचवीस-तीस वर्षांत ते कडक होतं, चेपतं. ट्रेलर वर्षानुवर्षं एकाच जागी उभा असेल तर आणखी लवकर. पारख सोपी आहे. सपाट जमिनीवर उभ्या ट्रेलरच्या चाकाचा हात टोकाकडे किंचित उतरता दिसायला हवा. तो आडवा किंवा वर चढलेला असेल, तर रबर संपलं. मग चाक खणात रुततं, धक्के थेट सांगाड्याला बसतात आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कायेचे रिव्हेट ढिले होतात. १९६८ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला जन्मलेल्या फायबरग्लासच्या बोलर ट्रेलरांचं जुनेपणी हेच होतं. या अ‍ॅक्सलची दुरुस्ती होत नाही, तो अख्खा बदलावा लागतो. नवा मागवताना हाताचा कोन ठरवता येतो: सहा इंची हात २२.५ अंशांऐवजी ४५ अंश उतरता घेतला, की ट्रेलर सुमारे दोन इंच उंच होतो. टायर बदलताना या नळीखाली जॅक लावायचा नसतो, ती वाकते. जॅक सांगाड्याखालीच.

एक कारण मात्र ट्रेलरमध्ये नसतंच. दोन टॉर्शन अ‍ॅक्सलना जोडणारा इक्वलायझर नसतो. ओढणाऱ्या गाडीचा, ट्रेलर ज्यावर अडकवतात तो, गोळा खाली असेल आणि ट्रेलर नाक खाली घालून चालत असेल, तर जादा भार पुढच्या अ‍ॅक्सलवर येतो आणि पुढचाच टायर घासतो. अशा वेळी गोळ्याची उंची बदलून ट्रेलर समतल केला की दोन हजार डॉलरचा अ‍ॅक्सल बदलण्याची वेळ येत नाही.

सगळं तपासूनही जागा कमीच पडत असेल, तर सांगाडा आणि अ‍ॅक्सल यांच्यात पोलादी ठोकळे बसवतात. एअरस्ट्रीमचं बेसकॅम्प एक्स हे मॉडेल कारखान्यातूनच तीन इंच उंच येतं. उंचीबरोबर पायरी वर जाते, गुरुत्वमध्य वर जातो, आणि वळणावर हँगरवर, म्हणजे पाटे सांगाड्याला टांगणाऱ्या तुकड्यांवर, आडवा ताण वाढतो म्हणून त्यांना आडवी पट्टी जोडावी लागते. गोळ्याची उंचीही पुन्हा लावावी लागते. पाट्यांचं काम झालं असेल तर पहिल्या काही शे किलोमीटरनंतर यू-बोल्टचे नट पुन्हा आवळायचे, भरलेल्या ट्रेलरखाली टेप धरून चारही चाकांवरची जागा मोजायची आणि आकडे खणाच्या आतच खडूने लिहून ठेवायचे.