लंगड्या घोड्याचा विमा

माथेरानला येणाऱ्या पाहुण्याला घोडा भेटतो तो दस्तुरी नाक्यावर. भाव ठरतो, रिकिबीत पाय अडकतो, एक फोटो निघतो आणि संध्याकाळपर्यंत तो घोडा विसरलाही जातो. ज्या घराच्या पडवीत तो बांधलेला असतो, त्या घराचे मात्र तो दुकान असतो, शेतही असतो आणि नोकरीही. डोंगरावर मोटारींना बंदी असल्यामुळे इथल्या कित्येक चुली घोड्याच्या चार पायांवर पेटतात. आणि घोड्याचे पाय ही काय चीज आहे, हे आम्हा पशुवैद्यांना विचारावे!

घोड्याच्या विम्याच्या कागदांवर माझी सही दोनदा लागते. एकदा तो धडधाकट आहे म्हणून आणि एकदा तो मेला म्हणून. दिवाळीच्या आधी एक घोडेवाले मामा माझ्याकडे आले. त्यांच्याकडे दोन जनावरे. एक सहा वर्षांचा तरणा कुमेद घोडा आणि दुसरी वयाने उतरत चाललेली शहाणी घोडी. लहान मुलाला बसवायचे झाले तर सारे हिलाच मागतात. मामा म्हणाले, ‘‘डॉक्टर, हप्त्याचे पैसे बेताचे आहेत. दोघांचा साधा विमा उतरवू, की एकाचाच चांगला?’’

प्रश्न साधा वाटतो, पण घोडे पेंड खाते ते इथेच.

साधा विमा म्हणजे मृत्यूचा. अपघात, रोग, शस्त्रक्रिया यांत जनावर दगावले तर रक्कम मिळते. जादा हप्ता भरला तर त्याला कायमच्या संपूर्ण अपंगत्वाची जोड देता येते. गाईम्हशींच्या बाबतीत ही जोड अनेकजण सोडून देतात. घोड्याच्या बाबतीत ती सोडणे मला तरी पटत नाही. घोडा मेला तर खर्च तिथे थांबतो. लंगडा घोडा मात्र रोज चंदी खातो, गवत खातो आणि एक पैसा मिळवून देत नाही. त्यातून घोड्याच्या पायाचे हाड मोडले की ते सहसा जुळत नाही. एवढ्या वजनाचे जनावर फार काळ आडवे राहू शकत नाही आणि तीन पायांवर उभे राहिले तर चांगल्या पायाच्या खुरालाही आतून सूज येऊन तोही निकामी होतो. पावसाळ्यात शेवाळलेली वाट, दगड, उतार. माथेरानच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक घालण्याला घोडेवाल्यांनी विरोध केला तो उगीच नाही. नाल ठोकलेली टाप त्यांवरून घसरते.

अपंगत्वाच्या कलमात सहसा विमा रकमेच्या पाऊण हिस्सा मिळतो. म्हणजे ऐंशी हजारांचा घोडा असेल तर साठ हजार. शिवाय ‘अपंगत्व’ ठरते ते कशावरून? प्रस्तावपत्रात घोड्याचा जो उपयोग लिहिला असेल, त्यावरून. ही ओळ लोक निष्काळजीपणे भरतात. मामांचा घोडा हंगामात पर्यटकांना फिरवतो आणि लग्नसराईत खाली कर्जतकडे वरातीलाही जातो. कागदावर फक्त ‘स्वारी’ लिहिले आणि बँडबाजाच्या गोंगाटात बुजून तो पडला, तर कंपनी म्हणणार, हा उपयोग आम्हाला सांगितलाच नव्हता. म्हणून वरात, ओझे, स्वारी, जे असेल ते लिहावे. हप्ता थोडा वाढला तर वाढू द्यावा.

किमतीचेही तसेच. सारंगखेड्याच्या यात्रेत, तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांचा जो बाजार भरतो, तिथे घोड्याचा भाव त्याच्या भोवऱ्यांवरूनही चढतो-उतरतो. देवमण असेल तर मालकाची मान ताठ, पंचकल्याणी असेल तर विचारायलाच नको. विमा कंपनीला देवमणाचे कौतुक नाही. तिला भोवरे हवे असतात ते ओळख पटवण्यासाठी. कोणता भोवरा कुठे, कपाळावरचा ठिपका केवढा, कोणता पाय पांढरा, हे सारे मी चित्र काढून लिहून देतो, सोबत फोटो. मामांनी कुमेदाची किंमत दीड लाख लावायची म्हटले. मी विचारले, ‘‘आज विकायला काढला तर कोण देईल?’’ ते हसले. दाव्याच्या वेळी बाजारभाव आणि विमा रक्कम यांत जी कमी, तीच मिळते. फुगवलेल्या किमतीवर फक्त हप्ता जास्त जातो.

चोरीचे कलम तर जगप्रसिद्ध आहे. १९८१ची एप्सम डर्बी दहा लांबीने जिंकणारा आगाखानांचा शेरगर हा घोडा ८ फेब्रुवारी १९८३ रोजी आयर्लंडच्या पागेतून पळवला गेला आणि पुन्हा कधी दिसला नाही. त्याच्या भागीदारांपैकी ज्यांनी चोरीचा विमा घेतला होता त्यांना पैसे मिळाले. ज्यांचा केवळ मृत्यूचा होता त्यांना नाही, कारण तो मेला याचा पुरावाच नव्हता! आपल्याकडच्या साध्या पशुधन विम्यातही चोरी आणि हरवणे हे बहुधा वगळलेले असते.

वगळलेल्या गोष्टींची यादी बारीक अक्षरात असते, तरी ती वाचावी. जास्त ओझे लादणे, हयगय, अडाणी उपचार हे सारे त्यात आहे. रोगाच्या बाबतीत पहिले पंधरा दिवस विमा लागू नसतो. पोटशूळ उठल्यावर विमा उतरवायला धावणे म्हणजे वरातीमागून घोडे. पोटशुळाचे मुद्दाम सांगतो, कारण घोड्याला ओकता येत नाही आणि ती कळ काही तासांत जीव घेते. ‘ग्लँडर्स’ झालेला घोडा सरकारी आदेशाने मारावा लागतो, त्याची भरपाई सरकारी नियमाने मिळते. तेव्हा विमा काय देणार, हे आधीच लेखी विचारून घ्यावे.

एक घोडा आठवतो. रात्री दरीच्या कडेला घसरून त्याचा पुढचा पाय मोडला. मालकाने आधी मला बोलावले. दाखला लिहून, फोटो काढून मग त्याला इंजेक्शन दिले, म्हणून दयामरणाचे कलम लागू झाले. तरी विमा कंपनीने, नाव कशाला घ्या, शवविच्छेदनाच्या अहवालातल्या एका शब्दावरून मालकाला सहा महिने खेपा घालायला लावल्या. तेवढ्या काळात त्या घरातल्या मुलीचे कॉलेज सुटले ते सुटलेच.

हप्त्यासाठी राष्ट्रीय पशुधन अभियानातून अनुदान आहे आणि त्यात घोडे, खेचरे, गाढवेही बसतात. फेब्रुवारी २०२४च्या निर्णयानुसार मालकाचा वाटा १५ टक्के, बाकीचा केंद्र आणि राज्य सरकारचा. मात्र निधी आला आहे का, हे सरकारी पशुदवाखान्यात विचारावे लागते. मामा तीनदा जाऊन आले.

शेवटी कुमेदाचा विमा अपंगत्वासह उतरवला. घोडीचे दात पाहून मी वय लिहिले आणि त्या वयाला कंपनीने नकार दिला. मामांना ते लागले. ‘‘घर हिनेच उभं केलं,’’ एवढेच म्हणाले. मी त्यांना सुचवले की घोडीच्या हप्त्याचे पैसे दरमहा पोस्टात टाका आणि तिला पावसाळ्यात घरीच ठेवा.

उरला तो पर्यटकाचा प्रश्न. घोड्यावरून पडून कुणाला लागले तर या विम्यातून दमडी मिळत नाही. त्या जबाबदारीचा विमा वेगळा. एकट्या घोडेवाल्याला तो झेपणार नाही, साऱ्यांनी मिळून घेतला तर झेपेल. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणण्याचा आदेश दिला. उद्या त्यांच्यामुळे घोड्याची मागणी घटली तर कुमेदाचा बाजारभावही उतरेल. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी जुनाच आकडा पुन्हा लिहू नका, असे मी मामांना बजावून ठेवले आहे.