गुडघ्यातला 'टक्' आणि नऊ महिने

खामगावातून मी परत आलोय. इअरफोन हरवलेल्यांसाठी हा भाग नेहमीसारखा लिहून टाकतोय.

आजचा विषय माझा उजवा गुडघा. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीत चढाईवर होतो, पाय रोवून वळलो अन् आतून 'टक्' आवाज आला. दोन दिवस सूज होती, मग उतरली. घरचे म्हणाले, तेल चोळ. तीन आठवड्यांनी पुन्हा मैदानात गेलो, अन् साधं वळताना गुडघा निसटला. अकोल्याला एमआरआय काढला, तेव्हा कळलं: एसीएल तुटलंय.

एसीएल म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत बांधणारा दोर. नडगी पुढं सरकू नये आणि पाय भलतीकडं पिळू नये, हे त्याचं काम. सरळ चालताना त्याची फार गरज लागत नाही, म्हणून सूज उतरली की माणसाला वाटतं आपण बरे झालो. इथंच फसतो आपण! पूर्ण तुटलेला हा दोर सहसा नीट जुळत नाही. म्हणून आपल्याच मांडीमागचा किंवा वाटीखालचा स्नायुबंध काढून तिथं बसवतात.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तुम्हाला माहीतच आहे. २०१८ मध्ये दुखापतीमुळं त्याची आशियाई स्पर्धा हुकली. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्यानं स्टीपलचेसमधला गोपाल सैनींचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला, ८ मिनिटं २९.८८ सेकंद. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, सुवर्ण फक्त ०.०५ सेकंदानं गेलं. २०२३ ला आशियाई सुवर्ण. आणि जुलै २०२५ मध्ये मोनॅकोत तो पाण्याच्या अडथळ्यावर पडला. एसीएल गेलं, ऑपरेशन झालं, सप्टेंबरची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. दिमतीला डॉक्टर, फिजिओ सगळे असलेल्या माणसाचाही गुडघा घाई मानत नाही, मग माझं काय घेऊन बसलात.

कारण बसवलेला दोर आधी कमजोर होतो. त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, तो हळूहळू नव्यानं घडतो. आपल्याला मात्र तोवर दुखणं थांबलेलं असतं. नॉर्वे-अमेरिकेतल्या खेळाडूंचा एक अभ्यास २०१६ ला आला: परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितके महिने लांबवलं, तितक्या प्रत्येक महिन्यामागं पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्यानं घटलं. शिवाय दोन्ही मांड्यांची ताकद जवळपास सारखी हवी. माझी उजवी अजून टेपनं मोजली तरी बारीक भरते.

ऑपरेशनला सहा महिने झालेत. पुढच्या महिन्यात विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी आहे, आणि माझं हे शेवटचं वर्ष. काल कप्तानाचा फोन आला, "भाऊ, नाव लिहू का तुझं?"

नको म्हणालो. फोन ठेवल्यावर बराच वेळ गच्चीवर बसलो, मग खाली येऊन भिंतीला टेकून बैठकांचे तीन सेट मारले.