स्पिरुलिना आणि वजन : गोळी किती, ताट किती?

"हिरवी गोळी घ्या, वजन घटवा" अशी जाहिरात तुमच्याही मोबाईलवर आली असेल. ही गोळी बहुतेक वेळा स्पिरुलिनाची असते. पैसे घालवण्याआधी ती काय आहे ते समजून घेऊ.

स्पिरुलिना म्हणजे काय?
हे नील-हरित शेवाळ. शास्त्रीय दृष्ट्या ते सायनोबॅक्टेरिया गटातले सूक्ष्मजीव आहेत. आफ्रिकेत चाड सरोवराकाठचे लोक ते गाळून, वाळवून त्याच्या वड्या करतात आणि कालवणात घालतात. म्हणजे हे मुळात औषध नाही, अन्न आहे.

आकड्यांचं गणित
100 ग्रॅम वाळलेल्या पुडीत सुमारे 57 ग्रॅम प्रथिने असतात. पण 100 ग्रॅम खातं कोण? 5 ग्रॅम पुडीतून मिळतात जेमतेम 3 ग्रॅम प्रथिने. एका उकडलेल्या अंड्यात 6 ग्रॅम असतात! शिवाय त्यातलं बी-12 बहुतांशी आपल्या शरीराला उपयोगी पडत नाही.

मग वजन कशाने कमी होतं?
खाल्लेल्या ऊर्जेपेक्षा खर्च जास्त झाला की वजन उतरतं. काही छोट्या अभ्यासांत स्पिरुलिनाने वजन थोडं कमी झालेलं दिसलं, पण ते थोडंच.
आता हे बघा. 1 किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 किलोकॅलरी. दिवसाच्या तीन कप चहातली मिळून सहा चमचे साखर सोडली, तर सुमारे 120 किलोकॅलरी वाचतात. अर्धा तास भराभर चाललात तर जवळपास तेवढ्याच खर्च होतात. रोज 240, म्हणजे महिन्याला 7,200. हिशोबाने जवळजवळ 1 किलो! प्रत्यक्षात माणसागणिक फरक पडतो, पण दिशा हीच.

घ्यायचीच असेल तर
1. पाकिटावर एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक बघा. अशुद्ध पाण्यात वाढवलेल्या मालात यकृताला घातक विषं मिसळलेली असू शकतात.
2. गरोदर महिला, तसेच रक्त पातळ करण्याची औषधं घेणारे यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.
3. गोळी सुरू केली म्हणून साखरेची वा बीपीची औषधं बंद करू नका.
4. पालकहो, वाढत्या मुलांना वजन घटवायच्या गोळ्या परस्पर देऊ नका. त्यांना वरण, भाजी, भाकरी आणि मोकळं मैदान द्या.

थोडक्यात, गोळी ही ताटातली चटणी आहे. तिने जेवण होत नाही. पोट भरतं ते भाकरीनेच.