द्यूतनौका : कायद्यातील एका शब्दाची कथा

अर्थविस्तार आणि अर्थसंकोच विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहेत. परंतु कायद्याच्या भाषेत कधी कधी शब्द जागीच राहतो आणि त्याखालची वस्तू तेवढी निघून जाते. अमेरिकेतील द्यूतनौकांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

१९८० नंतरच्या दशकातील कृषिसंकटाने खचलेल्या आयोवा राज्याने १९८९ मध्ये नदीवरील नौकांत द्यूतास अनुज्ञा दिली. १ एप्रिल १९९१ रोजी नौका सुरू झाल्या. एका पणाला ५ डॉलर व एका सफरीत २०० डॉलर हानी, ही कमाल मर्यादा होती. नौका हे येथे केवळ स्थळ नव्हते. जुगार गावात शिरणार नाही, सफरीपुरताच चालेल, ही ग्वाही त्या शब्दात होती. पण शेजारच्या इलिनॉयने पणाची मर्यादा घातली नाही आणि मिसिसिपी राज्याने तर नौका धक्क्याला बांधलेली चालेल असे ठरविले. १९९२ मध्ये 'डायमंड लेडी' आयोवा सोडून बिलॉक्सीस गेली. १९९४ मध्ये आयोवाने मर्यादा उठविल्या.

मिझुरीतील वाद भाषाभ्यासकास अधिक उद्बोधक आहे. तेथील राज्यघटनेने मिसिसिपी व मिझुरी या नद्यां'वर' द्यूतास मुभा दिली होती. व्यावसायिकांनी नदीकाठी खड्डे खणून त्यांत पाणी घेतले व तरंगत्या इमारती उभ्या केल्या. 'बायका नदीवर धुणे धुतात' या वाक्यातून कोणी मराठी माणूस पाण्याच्या पृष्ठभागावर उभे राहण्याचा अर्थ काढीत नाही. मिझुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९९७ मध्ये नेमका पृष्ठभागाचाच अर्थ लावला. १९९८ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती करून खड्डे वाचविले. (गोव्याच्या कायद्यात किनाऱ्यापासून दूरच्या नौकांची भाषा आहे; त्या नौका मात्र मांडवीत, पणजीसमोर उभ्या राहिल्या.)

२९ ऑगस्ट २००५ च्या कतरिना वादळाने बिलॉक्सीची तरंगती द्यूतगृहे किनाऱ्यावर भिरकावली. त्याच वर्षी मिसिसिपी राज्याने किनाऱ्यापासून ८०० फुटांच्या आत जमिनीवर द्यूतगृहे बांधू दिली. २००७ मध्ये आयोवानेही नौकेची अट सोडली. 'डायमंड लेडी' पुढे मेम्फिस येथे बुडाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये मिसिसिपीचे पाणी ओसरले, तेव्हा ती चिखलात रुतलेली दिसली.